बैल घरचा, घोडा भाड्याचा

जालना जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, लग्न लागण्याआधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघतो. याला परण्या म्हणतात. पुढे वाजंत्री, मागे बायाबापड्या आणि मध्ये घोड्यावर बसलेला नवरदेव. हा घोडा बहुधा त्या गावातला नसतो. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून तो भाड्याने येतो, दोन-तीन तास मिरवतो आणि टेंपोत चढून दुसऱ्या गावच्या लग्नाला जातो. नवरदेव त्यापूर्वी आयुष्यात कधी घोड्यावर बसलेला नसतो आणि पुढेही बसण्याचा संभव नसतो.

आता याच मारुतीपुढे पोळ्याच्या दिवशी काय होते ते आठवा. शिंगे रंगवलेले, झूल पांघरलेले बैल देवळाला फेरी घालतात. ज्यांच्या खांद्यावर शेती चालली, ज्यांनी मोट ओढली, गाडी ओढली, त्यांचा तो सणाचा दिवस. बैल घरचा आहे, ओळखीचा आहे, उपकारकर्ता आहे. तरी नवरदेव त्याच्यावर बसत नाही. त्यासाठी भाड्याचा आणि अनोळखी घोडाच लागतो. असे का?

सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. "घोडा रुबाबदार दिसतो", "बैल हळू चालतो", "शिवाजी महाराज घोड्यावर बसायचे" अशी उत्तरे येतात. सगळीच थोडीथोडी बरोबर आहेत. पण घोड्याला हा रुबाब आला कोठून? आमच्या मते या प्रश्नाची सुरुवात इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जीवशास्त्राच्या पुस्तकातून करावी. उत्तराचा धागा घोड्याच्या पोटातून निघतो आणि थेट संसदेने केलेल्या कायद्यापर्यंत जाऊन पोहोचतो.

दोन पोटे, दोन हिशेब

बैल आणि घोडा दोघेही गवत खातात. गवतातील सेल्युलोज पचवणारी विकरे दोघांच्याही शरीरात तयार होत नाहीत. हे काम त्यांच्या पोटातील सूक्ष्मजीव करतात. फरक आहे तो हे सूक्ष्मजीव कोठे राहतात याचा.

बैलाचे जठर चार कप्प्यांचे असते. त्यातला पहिला कप्पा शंभर लिटरहून मोठा असू शकतो. खाल्लेला कडबा आधी तेथे आंबतो, मग रवंथासाठी तोंडात येतो, पुन्हा बारीक होतो आणि पुढे सरकतो. सूक्ष्मजीव तेथे वाढतात आणि नंतर अन्नाबरोबर लहान आतड्यात येऊन स्वतःच पचून जातात. म्हणजे बैलाला कडब्यातील ऊर्जा मिळते, वर सूक्ष्मजीवांच्या शरीरातील प्रथिनेही मिळतात. वाळक्या कडब्यावर बैल उन्हाळा काढतो तो या सोयीमुळे.

घोड्याचे जठर एकच कप्प्याचे आणि लहान, सुमारे आठ ते पंधरा लिटरचे असते. त्याचे सूक्ष्मजीव राहतात अंधनालात आणि मोठ्या आतड्यात, म्हणजे लहान आतडे ओलांडल्यानंतर. त्यामुळे त्यांनी तयार केलेली प्रथिने बहुतांशी लिदीबरोबर बाहेर जातात. घोडा ही तूट जास्त खाऊन भरून काढतो. मोकळ्या कुरणात तो दिवसाचे चौदा-सोळा तास चरत असतो.

येथेच खरी अडचण सुरू होते. ज्या घोड्यावर दिवसभर बसायचे, त्याला सोळा तास चरायला वेळ कोठून मिळणार? बैल खाण्याचे काम घाईने उरकून नंतर निवांत रवंथ करतो. घोड्याला तशी सवलत नाही. म्हणून कामाच्या घोड्याला थोड्या वेळात जास्त ऊर्जा देणारे धान्य द्यावे लागते. आपल्याकडे यालाच चंदी म्हणतात. चंदी मुख्यतः हरभऱ्याची. ती तोबऱ्यात घालून घोड्याच्या तोंडाला बांधतात.

हिशेब करून पाहू. तीनशे किलो वजनाच्या घोड्याला रोज अडीच किलो धान्य दिले, तर वर्षाला सुमारे नऊ क्विंटल लागते. माणूस रोज अर्धा किलो धान्य खातो असे धरले, तर पाच माणसांचे वर्षभराचे धान्य एक घोडा खातो. महाराष्ट्रात आजच्या सुधारित वाणांनीसुद्धा हरभऱ्याचे सरासरी उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटलच्या आसपास येते. पूर्वी ते कमीच असणार. म्हणजे एका घोड्यामागे निदान एक हेक्टर रान केवळ चंदीसाठी हवे. गवत वेगळे, पाणी वेगळे.

युरोपातील शेतकऱ्याला हे का परवडले, असा प्रश्न येथे पडेल. तेथील पावसाळी, थंड हवेत बारमाही कुरणे होती आणि ओट हे घोड्याला मानवणारे धान्य पिकत होते. मध्ययुगात घोड्याच्या खांद्यावर बसणारी गादीची पट्टी वापरात आली आणि घोडा नांगराला जुंपता येऊ लागला. आपल्या बैलाला वशिंड असते, त्यापुढे जू आपोआप बसते. वशिंड नसलेल्या घोड्याला ते जू बसत नाही. तेव्हा तिकडे घोडा हे कुणब्याचे जनावर झाले आणि इकडे तो कुणब्याच्या धान्यावर पोसलेले दुसऱ्याचे जनावर राहिला.

चंदी, पखाल आणि नाल

घोडा पोसण्याइतके धान्य ज्याच्या घरी येते तोच घोडा बाळगणार. जुन्या काळी असे धान्य येण्याचा मुख्य मार्ग म्हणजे सारा. त्यामुळे घोडा, सारा आणि सत्ता यांची सांगड पडली.

घोडा नुसता महाग होता असेही नाही, तो मिळणेही कठीण होते. घोडी अकरा महिने गाभण राहते, तिला एका वेळी एकच शिंगरू होते आणि त्याच्यावर बसण्यासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते. दख्खनमध्ये भीमेच्या काठचे भीमथडी तट्टू नावाजलेले होते. अंगाने लहान, काटक आणि डोंगरात चालणारे. पण मोठे घोडे अरबस्तान व इराणातून जहाजाने येत. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याची हकिकत लिहिली आहे. तेथील राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता. लुटीत मिळणारे सगळे घोडे राजाला द्यायचे, बाकीचा माल चाच्यांनी ठेवायचा. सोन्याचांदीपेक्षा राजाला घोड्याची निकड अधिक होती, हे यावरून दिसते.

मराठी फौजेतील दोन शब्द या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. त्याचा घोडा पागेचा असे. शिवाजी महाराजांनी पागा बळकट ठेवली आणि शिलेदारांना पागेच्या अखत्यारीत ठेवले, असे सभासद बखरीवरून समजते. घोडा ज्याचा, हुकूम त्याचा, हे त्यामागचे साधे राजकारण होते. त्याच बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचा उल्लेख आहे. घोडा दिवसाला वीस ते चाळीस लिटर पाणी पितो. त्याचा खूर म्हणजे एकाच बोटाचे वाढलेले नख. ते महिन्याला सुमारे एक सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि दगडी वाटेवर त्याहून लवकर झिजते. बखरकाराने दिलेली ही नेमणूक म्हणजे घोड्याच्या शरीरशास्त्राचा सरकारी कागदावर उतरलेला हिशेब आहे.

१६७० च्या दशकात चिपळूण भागात पावसाळ्यासाठी राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना महाराजांच्या कचेरीतून गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि गवत आताच मनमानी उडवाल तर भर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे धान्य, गवत, लाकूडफाटा उचलाल आणि रयत देशोधडीला लागेल, असा त्याचा आशय आहे. जळती वात उंदराने ओढत नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथवर त्यात काळजी घेतली आहे. पत्र लष्करी शिस्तीचे आहे. त्याच्या मुळाशी मात्र घोड्याच्या चाऱ्याचा भार शेवटी कोणावर पडतो याची स्पष्ट जाण आहे.

हा भार जालन्यानेही पाहिला. नोव्हेंबर १६७९ मध्ये महाराजांच्या फौजेने जालन्याची संपन्न बाजारपेठ लुटली. लुटीचे ओझे घेऊन परतताना संगमनेरजवळ मोगलांनी तिला गाठले. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. बहिर्जी नाइकांनी आडवाटेने फौज पट्टा किल्ल्यावर नेली. घोड्याचा वेग हाच ज्या सैन्याचा आधार, ते ओझ्याने मंद झाले की काय होते याचे हे उदाहरण आहे.

असईच्या उतारावर

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात केळणा आणि जुई या नद्यांच्या मध्ये असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीच्या हाताखालील कंपनीच्या फौजेशी लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.

लढाईचे वर्णन पाठ्यपुस्तकांत आणि इतरत्र आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील तीन गोष्टी पाहू.

पहिली गोष्ट उताराची. वेलस्लीला केळणा ओलांडायची होती आणि जवळ उतार नाही असे वाटाडे सांगत होते. दुर्बिणीतून त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. ब्रिटिश कागदांत त्यांची नावे 'पीपलगाव' आणि 'वरूर' अशी आहेत. दोन गावे इतकी जवळ आहेत तर त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असे अनुमान त्याने काढले आणि ते खरे ठरले. ही वाट फौजांनी केलेली नव्हती. पाण्याला, बाजाराला, सोयरिकीला जाणाऱ्या माणसांनी आणि त्यांच्या गुराढोरांनी ती केली होती. निरीक्षण आणि अनुमान शिकवायला आपल्या जिल्ह्यातले याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

दुसरी गोष्ट बैलांची. समोरच्या तोफांच्या माऱ्यात वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल आणि गाडीवान इतके मारले गेले की त्या तोफा मागेच राहिल्या. इतिहासात स्वारांची नावे येतात. वेलस्लीचा एक घोडा या लढाईत ठार झाला आणि डायोमेड नावाचा दुसरा भाल्याने जखमी झाला, हेही नोंदलेले आहे. त्या बैलांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि गाडीवानांचीही नाहीत. कंपनीच्या फौजेचे ठार, जखमी व बेपत्ता मिळून दीड हजारांहून अधिक लोक गमावले गेले. शिंदे-भोसल्यांच्या बाजूची हानीही मोठी होती.

तिसरी गोष्ट लढाईच्या आसपासच्या शेतांची. १८०३-०४ साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. पावसाने दगा दिला होताच, पण होळकरांच्या फौजा आणि पेंढारी यांनी केलेली नासधूसही त्याचे कारण म्हणून नोंदलेली आहे. हजारो घोडे एखाद्या मुलखातून जातात तेव्हा प्रत्येक घोडा दररोज पाच माणसांचे धान्य मागत असतो. आपला मघाचा हिशेब येथे आठवावा.

छावणीतला शिलेदार

पुढे निजामाच्या राज्यात कंपनी सरकारच्या देखरेखीखाली फौज उभी राहिली. १८५३ नंतर ती हैदराबाद कंटिंजंट या नावाने ओळखली गेली. तिचे तळ हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी होते. जालन्यालाही एकोणिसाव्या शतकात मोठी छावणी होती.

या फौजेच्या घोडदळात मराठी शिलेदारीच चालू राहिली. इंग्रजांनी शब्दसुद्धा तोच उचलून 'सिल्लादार' केला. स्वाराने घोडा, खोगीर व बहुतेक सामान स्वतःचे आणायचे किंवा त्याची रक्कम भरायची. म्हणजे भरती होण्यासाठी आधी ऐपत हवी. दोन स्वारांमागे एक तट्टू आणि एक गवत कापणारा माणूस असे. तो रोज रानातून गवत कापून आणी. घोडदळाचे चित्र आपण पाहतो त्यात स्वार दिसतो. खरारा करणारा मोतद्दार, गवत आणणारा घसारा, पखालीतून पाणी घालणारा आणि नाल ठोकणारा नालबंद दिसत नाहीत. एका स्वाराला उंच बसवायला खाली इतके हात लागत.

१९०३ च्या पुनर्रचनेत या रिसाल्यांना नवी नावे मिळाली. त्यांपैकी विसाव्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुड येथे भाले घेऊन घोड्यावरून हल्ला केला. मशीनगनच्या युगात अशा हल्ल्यांचे दिवस संपत आले होते. पहिल्या महायुद्धानंतर सिल्लादार पद्धत बंद झाली. डेक्कन हॉर्स ही पलटण आजही भारतीय लष्करात आहे. तिच्याकडे रणगाडे आहेत, घोडा फक्त नावात उरला आहे.

स्थानकाबाहेरचा तांगा

१९०० साली हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली आणि जालना त्या मार्गावरचे स्थानक झाले. रेल्वे आली तेथे स्थानकाबाहेर तांगे उभे राहू लागले. घोडा आता वेगळ्या रूपात रस्त्यावर आला.

हा बदल समजून घ्यायला थोडे भौतिकशास्त्र हवे. घोडा पाठीवर आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके ओझे बेताने नेऊ शकतो. म्हणजे तीनशे किलोच्या घोड्यावर एक हलका माणूस. पण चाकांवरचे ओझे उचलायचे नसते, फक्त घर्षणावर मात करायची असते. सपाट, कठीण रस्त्यावर पाचशे किलोंची गाडी चालती ठेवायला दहा-पंधरा किलो वजनाइतका जोर पुरतो. त्यामुळे तोच घोडा तांग्याला जोडला की हाकणाऱ्याबरोबर तीन-चार उतारू ओढतो. एका घोड्याची चंदी आता अनेकांच्या भाड्यात वाटली जाते. ज्याला जन्मात घोडा पाळता आला नसता, त्याला काही आण्यांत घोड्याची चाल मिळू लागली. चाकाने घोडा सार्वजनिक केला.

सार्वजनिक म्हणजे सर्वांसाठी का? याचे उत्तर १९२९ साली जालन्याच्या वायव्येला, खानदेशातील चाळीसगावच्या स्थानकाबाहेर मिळाले. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. त्या कामावरून परतताना एका गावातील बहिष्काराच्या चौकशीसाठी ते चाळीसगावला उतरले. तेथील महार मंडळींनी त्यांना रात्री मुक्कामाचा आग्रह केला. महारवाडा स्थानकापासून दोनेक मैलांवर होता. स्थानकावर तांगे उभे होते, तरी बाबासाहेबांना बराच वेळ थांबावे लागले. शेवटी एक तांगा आला. वाटेत नदीवरच्या कठडा नसलेल्या पुलावर त्याचे चाक दगडाला धडकले. घोडा व तांगा नदीत कोसळले आणि बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला.

उशीर का झाला आणि अपघात का झाला हे त्यांना मागाहून कळले. अस्पृश्याला तांग्यात बसवून हाकणे कोणाही तांगेवाल्याला आपल्या प्रतिष्ठेला शोभणारे वाटले नाही. आपल्या पाहुण्याने पायी यावे हे महार मंडळींना सोसवेना. तेव्हा तोड निघाली ती अशी, की तांगेवाल्याने तांगा भाड्याने द्यायचा पण हाकायचा नाही. लगाम ज्याने हाती घेतला त्याला तांगा हाकण्याचा सराव नव्हता.

या प्रसंगात भाड्याचे पैसे होते, रस्ता सरकारी होता, घोडा धडधाकट होता. उतारू तर बॅरिस्टर होता. ऐपतीची अडचण चाकाने आणि रुपयाने सोडवली होती. तरी घोड्याभोवती शतकानुशतके साचलेला मान तेथेच होता. घोडा ज्यांना कधी परवडला नव्हता अशा तांगेवाल्यांनीही तो मान राखण्याचे काम स्वतःकडे घेतले होते.

कायद्यातला घोडा

महागड्या चंदीमुळे घोडा थोड्यांचा झाला. थोड्यांचा असल्यामुळे तो मानाचा झाला. मानाचा झाल्यावर कोणी त्यावर बसावे याचे नियम झाले. ऐपत आली तरी ते नियम सुटले नाहीत, हा या गोष्टीतला कळीचा भाग आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या नवरदेवाला घोड्यावरून मिरवू दिले जात नसे. चावडी, वेस, मारुतीचे देऊळ ही सर्वांची ठिकाणे, पण तेथून कोणी कोणत्या उंचीवरून जायचे हे ठरलेले असे.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, घाट, रस्ते आणि सार्वजनिक ठिकाणे यांच्या वापरात जातीवरून भेदभाव करण्यास मनाई केली. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झाला. १९८९ साली अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात २०१५ साली केलेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. या दुरुस्तीने गुन्ह्यांची जी यादी वाढवली, तिच्यात सार्वजनिक ठिकाणी सायकल वा मोटारसायकलवर बसण्यास, पायताण किंवा नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास आणि वरातीत घोड्यावर बसण्यास अडवणे हाही गुन्हा मानला आहे.

एकविसाव्या शतकातील कायद्यात 'घोडा' हा शब्द मुद्दाम लिहावा लागला, ही बाब विद्यार्थ्यांना जरूर सांगावी. तो शब्द केवळ सावधगिरी म्हणून आलेला नाही. जुलै २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाची वरात पोलिसांच्या मोठ्या बंदोबस्तात घोड्याच्या बग्गीतून निघाली. देशात अशा बातम्या अजूनही अधूनमधून येत असतात.

दुसरीकडे घोडे वेगाने कमी होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. शेतात तो कधी नव्हताच. लष्करातून आणि तांग्यातून तो जवळपास गेला. आपल्याकडील बहुतेक मुलांना आता तो दिसतो तो वरातीत. म्हणजे घोड्याचे काम संपले आणि मान तेवढा शिल्लक राहिला. वरातीमागून घोडे अशी म्हण आपण वापरतो. येथे वरातीपुढचा घोडासुद्धा इतिहासाच्या मागून चालला आहे.

वर्गात काय करता येईल

उंचीच्या मानाचे मोजमाप वर्गात करता येते. जमिनीवर उभ्या माणसाचे डोळे दीड मीटर उंचीवर धरा. एक मीटर चाळीस सेंटिमीटर उंचीच्या घोड्यावर बसलेल्या माणसाचे डोळे सुमारे दोन मीटर पंधरा सेंटिमीटरवर येतात. सपाट मैदानावर क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर काढण्यासाठी मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणावे. पायी माणसाला साधारण ४.४ किलोमीटर दिसते, स्वाराला ५.२. क्षेत्रफळाच्या हिशेबाने स्वाराच्या नजरेत सुमारे ४३ टक्के जास्त मुलूख येतो. राखणीला आणि लढाईला याचा उपयोग उघड आहे. मारुतीच्या देवळापर्यंतच्या दोनशे पावलांत त्याचा काही उपयोग नाही. मग तेथे ही उंची कशासाठी लागते, याची चर्चा मुलांना करू द्यावी.

गावातील वयस्कर माणसांना मुलांनी काही प्रश्न विचारावेत. गावात घोडा कोणाकडे होता? त्याला चंदी कोण घाली? नाल कोण मारी? बैलांना पत्री मारणारा आणि घोड्याला नाल मारणारा एकच होता का? आणि शेवटचा प्रश्न: परण्यात घोड्यावर बसायला कोणाला मनाई होती का, आणि ती केव्हा व कशी मोडली? शेवटच्या प्रश्नावर काही घरांतून बोलणे टाळले जाईल, काही घरांतून एकाच गोष्टीची दोन वेगवेगळी उत्तरे येतील. शिक्षकाने ती दोन्ही उत्तरे जशीच्या तशी वहीत लिहून घ्यायला सांगावीत. गावाचा हा इतिहास अजून कोठल्या पुस्तकात आलेला नाही आणि सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.